ग्रहांची सम चुकते. आपण दुरुस्त करावी का?

नाशिकचा_पेटीवाला (धागाकर्ता)

मंडळी, दोन-तीन वर्षं नुसता वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

दिवसा कारखान्यात मशीनची थरथर मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि रात्री पेटी. दोन्हीत कंपनंच. त्यातूनच एक खूळ डोक्यात शिरलं.

कुंभ राशीच्या दिशेला साधारण ४० प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक खुजा लाल तारा आहे, आकाराने गुरूपेक्षा थोडाच मोठा. त्याच्याभोवती सात ग्रह आहेत आणि सातही साधारण पृथ्वीएवढे. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांची घोषणा झाली तेव्हा पेपरात आलं होतं. सातही ग्रह आपल्या बुधाच्या कक्षेच्या आत आरामात मावतील इतके ताऱ्याला चिकटून फिरतात. नावं रुक्ष आहेत: आतून बाहेर बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. बीची फेरी दीड दिवसात होते, एचला पावणेएकोणीस दिवस लागतात.

आता गंमत बघा. एचच्या २ फेऱ्या होतात तेवढ्यात जीच्या ३, एफच्या ४, ईच्या ६, डीच्या ९, सीच्या १५ आणि बीच्या २४. खगोलवाले याला अनुनादाची साखळी म्हणतात. पेटीवाल्याला यात सरळ सप्तक दिसतं. एचला सा धरला तर जी पंचम, एफ वरचा सा, ई त्याच्या वरचा पंचम, डी आणखी वरच्या सप्तकातला शुद्ध रे, सी शुद्ध नि आणि बी सगळ्यात वरचा पंचम. सा रे प नि. मला तर एकदम हंसध्वनी रागच दिसला, फक्त ग तेवढा गायब!

म्हटलं, बसवू या. एक दिवस म्हणजे अर्धा सेकंद धरला. सातही ग्रहांना एकदम समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सोडलं (खऱ्या आकाशात ते तसे नसतात, ही सूट मी घेतली) आणि फेरी पुरी झाली की त्या ग्रहाचा सूर वाजेल असं केलं. बी पाऊण सेकंदाला टिणटिणतो आणि एच नऊ सेकंदांनी एकदा घुमतो. ऐकायला खरंच गोड.

मग तबलजी मित्राला बोलावलं. त्याची तीस वर्षं भजनी मंडळात गेली आहेत. त्याने ठेका धरला, पहिलं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) कसंबसं गेलं, दुसऱ्याला त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चौथ्याला हात उचलून म्हणाला, "तुझा तो एच येतच नाही रे समेवर. पिऊन बसलाय का?"

मोजून पाहिलं. बीच्या २४ फेऱ्या १८.१३ सेकंदांत होतात आणि एचच्या २ फेऱ्यांना १८.७७ सेकंद लागतात. पहिल्याच आवर्तनाला साठ-पासष्ट शतांश सेकंदांची तफावत, चौथ्यापर्यंत अडीच सेकंदांच्या वर. म्हणजे ते सुंदर २४:१५:९:६:४:३:२ 'जवळपास' आहे, तंतोतंत नाही. मी तिथेच तुकडा थांबवला.

सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. दाबलं की सगळे सूर ओढून मात्रेवर बसतात. दाबून पाहिलं, तबलजी खूश. पण मला रात्री झोप येईना. मग ते संगीत ग्रहांचं की माझं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कंटाळा_फार

पयला!

४० प्रकाशवर्षांवरून यायचं म्हणजे थोडं पुढेमागे होणारच हो. आमच्याकडे ठाण्याहून येणारा गायक पाऊण तास उशिरा येतो, त्याला कोणी पिऊन बसलाय म्हणत नाही.

चिकित्सक

अवकाशात हवा नाही, सबब आवाज नाही. धाग्याचं शीर्षकच मुळात चूक.

नाशिकचा_पेटीवाला

@चिकित्सक, ग्रह गातात असं मी कुठे म्हटलं? फेरी पुन्हा पुन्हा होते म्हणजे तिला कंपनसंख्या असते, फार म्हणजे फार कमी, इतकंच. ती सुमारे २१ कोटी पटींनी वाढवली की एच पेटीच्या मंद्रातल्या पांढरी एकवर येतो. कमी पटींनी वाढवली तर त्याच गोष्टीला आपण ताल म्हणतो. सूर आणि लय यांच्यात फक्त वेगाचा फरक आहे, हे तर मशीनच्या शाफ्टवर कान ठेवला तरी कळतं.

श्रुती_बावीस

छान धागा. दोन गोष्टी.

आधी राग. ग नाही म्हणजे हंसध्वनी नाही, एवढं सोपं आहे ते. सा रे प नि या चार सुरांत ग घातला तर हंसध्वनी होईल, म घातला तर सारंगाकडे जाईल. तुमचे ग्रह दाराबाहेर उभे आहेत, कुठल्या घरात शिरायचं ते ठरलेलं नाही. (अवांतर: हंसध्वनी मूळचा दक्षिणेचा, रामस्वामी दीक्षितरांचा. आपल्याकडे तो रुजवला मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी.)

दुसरी गोष्ट अशी की तुम्ही लयीची चूक मोजलीत, सुराची मोजलीच नाहीत! फेऱ्यांचे नेमके आकडे द्याल का?

नाशिकचा_पेटीवाला

घ्या, दिवसांत: बी १.५११, सी २.४२२, डी ४.०४९, ई ६.१०१, एफ ९.२०८, जी १२.३५२, एच १८.७७३.

श्रुती_बावीस

अरे देवा.

एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट या मापाने सांगते. एचला सा धरला तर जीचा पंचम २३ सेंट चढा आहे. आपल्याकडे प्रमाणश्रुती म्हणतात ती ८१:८०, म्हणजे साडेएकवीस सेंट. तेव्हा पंचम जवळजवळ एक श्रुती चढा! एफचा वरचा सा ३३ सेंट चढा. पुढे वाढतच जातं, आणि बीचा सगळ्यात वरचा पंचम ६० सेंट चढा, म्हणजे कोमल धैवताच्या वाटेवर अर्ध्याहून पुढे गेलेला. वर जाईल तसा प्रत्येक जण थोडा आणखी चढा लागतोय.

षड्जाला षड्ज ३३ सेंटनी चुकला असता तर आमच्या बाईंनी तंबोरा हातातून काढून घेतला असता आणि महिनाभर नुसता खर्ज लावायला बसवलं असतं.

तरी बटण दाबू नका असंच माझं मत आहे. सगळे एकाच दिशेला चढतायत म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार. बेसूर माणूस कधी चढतो, कधी उतरतो. हे तसं नाही.

ओंकारनाद

या सगळ्याचं उत्तर आपल्या पूर्वजांकडे आहे. पृथ्वीची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी १३६.१ हर्ट्झ आहे आणि तोच ॐकार. तंबोरा त्यावर जुळवा, मग ग्रह आपोआप सुरात येतील. अनुभव घ्या, मग बोला.

चिकित्सक

आता कसं खरं काम आलं.

१३६.१चं गणित बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ नाही. ३६५.२४२ दिवसांचे सेकंद करा, एकाला त्याने भागा आणि उत्तर ३२ वेळा दुप्पट करा. १३६.१ येतात. हा हिशोब १९७८ मध्ये हान्स कुस्टो या माणसाने केला. पूर्वजांकडे हर्ट्झ नव्हते, कारण सेकंदाची आजची व्याख्याही नव्हती.

आता हेच दिवसाला लावा. ८६,४०० सेकंद, २४ वेळा दुप्पट: १९४.२ हर्ट्झ. हीसुद्धा पृथ्वीचीच 'नैसर्गिक फ्रिक्वेन्सी'. मग ॐ कुठला, वर्षाचा की दिवसाचा? वर्षाला सा धरलात तर दिवस तीव्र मध्यमाच्या आसपास पडतो. लावा त्यावर तंबोरा.

ओंकारनाद

ज्यांना अनुभूतीच नाही त्यांच्याशी काय बोलणार.

संपादक_मंडळ

यानंतरचे दोन्ही बाजूंचे पाच प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. वैयक्तिक टीका टाळावी, धागा संगीताचा आहे.

श्रुती_बावीस

भांडण बाजूला ठेवून: १३६.१ म्हणजे काळी एकच्या किंचित खाली. बऱ्याच पुरुष गायकांची ती पट्टी आहे. ज्यांना छान वाटतं त्यांना का वाटतं, ते एवढ्यावरूनही कळेल.

दुर्बीणधारी

उशिरा आलो. पेटीवाल्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे असं वाटतंय, पण त्याआधी केप्लरबाबांना नमस्कार केल्याशिवाय या विषयात शिरणं बरं नव्हे.

१६१९ मध्ये लिंझहून त्याचं 'हार्मोनिसेस मुंडी' प्रसिद्ध झालं. ग्रहगतीचा तिसरा नियम याच पुस्तकात आहे आणि तो आहे ग्रहांचे सूर शोधायच्या धडपडीत! त्याने फेरीचा काळ घेतला नाही, वेग घेतला. ग्रह लंबवर्तुळात फिरतो, सूर्याजवळ आला की जलद आणि लांब गेला की सावकाश. सूर्यावर बसून पाहिलं तर तो रोज किती अंश सरकतो, त्याचा सगळ्यात मंद आणि सगळ्यात जलद आकडा घेऊन केप्लरने गुणोत्तर काढलं. शनी ४:५, म्हणजे आपल्या भाषेत सा ते शुद्ध ग. गुरू ५:६, सा ते कोमल ग. मंगळ २:३, सा ते प. बुध एका सप्तकाच्याही पलीकडे धावतो, तो तानबाज. शुक्राची कक्षा इतकी गोल की तो जवळजवळ एकच सूर धरून बसलेला, तंबोऱ्यावर बसवलेला शिष्य म्हणा.

आणि आपली पृथ्वी? १५:१६. सा आणि कोमल रे. वर्षभर फक्त एवढंच. केप्लरच्या भाषेत, म्हणजे पाश्चात्त्य सरगमीत, मी-फा-मी, आणि त्यावरून त्याने लॅटिनमध्ये कोटी केली की मी म्हणजे मिझेरिया आणि फा म्हणजे फामेस. आपल्या या घरी दैन्य आणि भूक यांचंच राज्य. तीस वर्षांच्या युद्धाच्या तोंडावर लिहिणारा माणूस, आणखी काय लिहिणार.

आजच्या मोजमापाने ताडून पाहिलं. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता (ती गोलापासून किती ढळलेली आहे त्याचं माप) ०.०१६७ धरली तर गुणोत्तर १.०६९ येतं, शुद्ध १६:१५ म्हणजे १.०६७. फरक चार सेंट. श्रुतीताई, चालेल ना एवढा? जुलैच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सगळ्यात लांब असतो, तेव्हा सा. जानेवारीच्या सुरुवातीला सगळ्यात जवळ, तेव्हा कोमल रे.

मूळ प्रश्नाचं उद्या लिहितो, आकडेमोड करायची आहे.

श्रुती_बावीस

चार सेंट? पायाला हात लावते तिच्या.

फोंडेकार

दुर्बीणधारींचं वाचलं आणि अंगावर काटा आला. कारण सांगतो.

आमच्या फोंडा तालुक्यातलं केरी हे केसरबाई केरकरांचं गाव. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली तिच्यात केसरबाईंचं 'जात कहाँ हो' आहे, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. भैरवी आहे ती. भैरवीत रे कोमल!

आणि त्याच तबकडीवर, पृथ्वीवरच्या आवाजांचा जो भाग आहे ना, त्याची सुरुवातच केप्लरच्या या ग्रहसंगीताने होते. लॉरी स्पीगल या बाईंनी केप्लरचे आकडे घेऊन ते संगणकावर वाजवलेलं आहे. म्हणजे सूर्यमालेबाहेर निघालेल्या एकाच तबकडीवर पृथ्वीचा सा आणि कोमल रे दोनदा आहे. एकदा गणितातून आलेला आणि एकदा केसरबाईंच्या गळ्यातून.

निवड करताना कोणी हा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. योगायोगच तो. पण मला आजवर कोणी सांगितला नव्हता.

दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. माझी आजी हे नेहमी सांगायची आणि पुढे काही बोलायची नाही.

कंटाळा_फार

पहिल्यांदाच या संस्थळावर काहीही न बोलता परत जातोय.

टोरांटोची_मावशी

पेटीवाले, तुम्हाला माहीत असेलच, पण ट्रॅपिस्टचं हे संगीत आमच्या गावातल्या लोकांनी २०१७ मध्येच केलं होतं. मॅट रुसो आणि डॅन टमायो हे खगोलशास्त्रज्ञ आणि अँड्र्यू सँटागिडा हा संगीतकार. प्रत्येक फेरीला एक सूर, शिवाय एका ग्रहाने शेजाऱ्याला मागे टाकलं की ढोलाचा ठोका.

त्यामागचं विज्ञान मला जास्त आवडलं. सुरुवातीला या सात ग्रहांचं गणित संगणकावर पुढे चालवलं तर ही ग्रहमाला पाच लाख वर्षांतच विस्कटत होती. प्रत्यक्षात तर तारा अब्जावधी वर्षांचा. टमायो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे ग्रह जन्मताना वायूच्या तबकडीतून आत सरकत एकमेकांत अडकले असं धरून सुरुवात केली तर मांडणी पाच कोटी वर्षं चालवूनही टिकते. वाद्यवृंद एकत्र आला तेव्हाच सगळ्यांनी एकमेकांशी वाद्यं जुळवून घेतली, असं काहीसं.

आणि तुम्हाला बटण न दाबता सुरेल ग्रह हवे असतील तर एचडी ११००६७ हा तारा बघा. १०० प्रकाशवर्षांवर सहा ग्रह, नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. ५४:३६:२४:१६:१२:९. मी आताच आकडे घालून पाहिले, दोन शेजाऱ्यांतली चूक एक-दोन सेंटच्या आत. सगळ्यात संथ ग्रहाला सा धरला तर सा, म, प आणि कोमल नि मिळतात.

श्रुती_बावीस

म्हणजे मेघ राग, पण रे काढून टाकलेला. रे नसेल तर मेघ कसला, नुसतेच ढग. यांच्या घरी दर वेळी एक सूर कमीच कसा काय पडतो!

तिरकिटधा

तबल्याच्या बाजूने बोलतो. गुरूचे चंद्र घ्या की, इतक्या लांब कशाला जायचं? गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. ठाय, दुगुन, चौगुन. आम्हाला पहिल्या वर्षाला हेच शिकवतात.

दुर्बीणधारी

तिरकिटराव, बरोबर त्याच ठिकाणी मला यायचं होतं. आता नीट सांगतो, थोडं लांबेल.

आयोची फेरी १.७६९ दिवस, युरोपाची ३.५५१. भागाकार २ येत नाही, २.००७ येतो. दुगुन किंचित ढिली आहे. युरोपा-गॅनिमीडचा २.०१५, म्हणजे आणखी ढिली. म्हणजे पेटीवाल्यांची तक्रार इथेही तीच.

आता फेऱ्या मोजणं सोडून द्या आणि युत्या मोजा. आयो युरोपाला ओलांडतो ती युती दर ३.५२५ दिवसांनी होते. युरोपा गॅनिमीडला ओलांडतो ती दर ७.०५१ दिवसांनी. भागा. बरोबर २! आकड्यांना जितकी घरं आहेत तितक्या घरांपर्यंत बरोबर. लाप्लासचा संबंध म्हणतात तो हाच. आणि त्यातली खुबी अशी की युरोपा-गॅनिमीडची युती होते त्या क्षणी आयो नेमका गुरूच्या पलीकडच्या बाजूला असतो. तिघे एका रेषेत एका बाजूला कधीच येत नाहीत. तिघांची एकत्र सम नाहीच, तरी ताल पक्का.

ट्रॅपिस्टला हेच लावू. पेटीवाल्यांनी दिलेल्याच आकड्यांवरून शेजारच्या ग्रहांच्या युत्या काढल्या. बी-सी दर ४.०२ दिवसांनी, सी-डी ६.०३, डी-ई १२.०४, ई-एफ १८.०८, एफ-जी ३६.१७, जी-एच ३६.१२. पुन्हा एकदा वाचा: ४, ६, १२, १८, ३६, ३६. फेऱ्या दोन-तीन टक्क्यांनी चुकत होत्या, युत्या अर्ध्या टक्क्यालाही चुकत नाहीत. (पूर्णांक दिवस आले हा निव्वळ योगायोग. दिवस आपला आहे, त्यांचा नाही. पण गुणोत्तर त्यांचं.)

हे असं का होतं? कारण ग्रह एकमेकांना ओढतात ते जवळ आल्यावर, म्हणजे युतीच्या वेळी. कोणाच्या किती फेऱ्या झाल्या याच्याशी शेजाऱ्याला काही देणंघेणं नाही. पुढची भेट कधी, याच्याशी आहे.

मग फेऱ्या का चुकतात? असं समजा की हे सगळे एका फिरत्या रंगमंचावर आहेत. रंगमंच अगदी सावकाश उलटा फिरतोय, माझ्या हिशोबाने एक फेरी सुमारे १६ महिन्यांत. रंगमंचावर उभं राहून मोजलं तर फेऱ्या जवळजवळ तंतोतंत २४:१५:९:६:४:३:२. आपण प्रेक्षागृहात बसून मोजतो म्हणून प्रत्येक ग्रह थोडा मागे पडलेला दिसतो, आणि ज्याच्या फेऱ्या कमी त्याला ती घट जास्त बोचते. श्रुतीताईंना वाटलं तसंच. सगळे एका दिशेला चुकतायत, कारण चूक एकच आहे आणि ती रंगमंचाची.

पेटीवाले, बटण दाबू नका. तबलजींना सांगा, ठेका युत्यांवर धरा. फेऱ्यांचे सूर जसे येतील तसे येऊ द्या. आणि तुकडा चौथ्या आवर्तनाला तोडू नका. तुमच्या मापाने १६ महिने म्हणजे चार मिनिटं होतात. निदान तेवढी वाट बघा. काय होईल ते मुद्दाम सांगत नाही.

कंटाळा_फार

सहा युत्या, आणि सगळ्या अब्जावधी वर्षं टिकलेल्या? कुठल्या राज्यातले ग्रह आहेत हे?

संपादक_मंडळ

राजकारण नको. (हसू आलं तरी.)

तिरकिटधा

दुर्बीणधारी, दंडवत. पण एक शंका. विलंबित ख्यालात गायक ठेक्यावरून तरंगत जातो हे मान्य. तरी शेवटी समेला येतोच ना? कायम तरंगतच राहिला तर श्रोते चहाला उठतात.

दुर्बीणधारी

चार मिनिटं, तिरकिटराव.

श्रुती_बावीस

मी आकडेमोड सुरू केली होती, मग थांबवली. आधी ऐकायचंय.

टोरांटोची_मावशी

मी थांबवली नाही. बापरे! पण गप्प बसते.

नाशिकचा_पेटीवाला

पाच दिवसांनी येतोय, माफी असावी. कारखान्यात रात्रपाळी होती.

आधी कबुली. टोरांटोकरांचं ते मी ऐकलं होतं, ढोलाचे ठोकेही ऐकले होते आणि ते सजावटीला टाकलेत असं समजून माझ्या तुकड्यातून गाळले होते. नेमका ठेकाच गाळला मी.

परवा रात्री नव्याने बसवलं. सूर तेच, चढेच्या चढे, बटणाला हात लावला नाही. युत्या वेगळ्या काढल्या: दोन सेकंदांनी, तीन, सहा, नऊ, आणि अठरा-अठराच्या दोन. मित्राला एवढंच सांगितलं की सुरांकडे लक्ष देऊ नको, हे ठोके ऐक आणि त्यांच्याशी राहा. त्याने डावा दोन-तीनवर धरला, थोडा चाचपडला, मग बसलं. अठरा सेकंदांचं आवर्तन, पक्कं. दर समेला मान हलवत होता.

वरचे सूर सुटत गेले. पहिल्या चार आवर्तनांत एच मागे पडत गेला, आधीसारखाच. सहाव्या-सातव्याला सगळाच विस्कोट होता, कोण कुठे काही कळेना. बाहेरच्या खोलीतून बायको म्हणाली, "आज भांडी पडतायत का रे?" दहाव्यानंतर मला उगीच वाटायला लागलं की एचचा सूर समेच्या पुढून जवळ येतोय. मित्राला काही सांगितलं नव्हतं.

तेरावं आवर्तन संपलं तेव्हा घड्याळात ३ मिनिटं ५५ सेकंद. एचची पंचविसावी फेरी, जीची ३८वी, एफची ५१वी, डीची ११६वी, ईची ७७वी, सीची १९४वी, बीची ३११वी. सातही ग्रह पाव सेकंदाच्या आसपास एकामागोमाग उतरले, आधी एच, शेवटी बी, सतारीच्या तरफेवरून नखी फिरवावी तसे. खालून वर. आणि त्यांच्या शेपटाला लागून युतीची सम.

त्याने धा मारला तो इतका जोरात की शाई उडाली की काय असं वाटलं. मग तबल्यावर हात तसाच ठेवून बसून राहिला.

मी विचारलं, "आता एच पिऊन बसलाय का?"

म्हणाला, "पुन्हा लाव."

तिरकिटधा

ऑडिओ कुठाय???

कंटाळा_फार

ऑडिओ +१

फोंडेकार

ऑडिओ +१. आणि पुढच्या खेपेला पृथ्वी घ्या. दोनच सूर आहेत, फार मेहनत नाही.

श्रुती_बावीस

फोंडेकार, दोन सुरांनाच जास्त मेहनत लागते. ऑडिओ +१.

नाशिकचा_पेटीवाला

रविवारी चढवतो. भांडी धुण्याचा आवाज त्यात आला आहे, तो काढणार नाही.